ऊन आणि माणूस – भाग ४ : कातडीचा कॅन्सर उन्हात शोधू नका

श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीच्या शनिवारच्या बाजारात होल्स्टिन गाय घेणारा गिऱ्हाईक दात मोजतो, कास चाचपतो, चार पावलं चालवून बघतो. डोळ्यांच्या कडा मात्र क्वचितच कुणी निरखतं. त्या निरखाव्यात. पापणीची कड गुलाबी असेल, तर उन्हात वर्षानुवर्षं राहिलेल्या गाईला तिथे मांसासारखी वाढ होऊ शकते आणि ती कॅन्सरची असू शकते. पांढऱ्या तोंडाच्या हेरफर्ड गाईंमुळे ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतल्या पशुपालकांना हा रोग चांगलाच ठाऊक आहे. ज्या गाईच्या डोळ्याभोवती कातडी काळी असते, ती बहुतेक वेळा यातून सुटते. ऊन दोघींना सारखंच लागलेलं असतं.

माणसाचंही तसंच. काष्टी साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काठीच्या बुडाशीच राहते. अशा निरभ्र दुपारी अतिनील किरणांचा निर्देशांक ११ च्या वर जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवरची ही सर्वांत वरची पायरी. आता विषुववृत्ताच्या दक्षिणेला जवळपास इतक्याच अंतरावर जा, तिथे ऑस्ट्रेलियातलं टाउन्सव्हिल लागतं. कातडीच्या कॅन्सरचं जगातलं सर्वाधिक प्रमाण जिथे नोंदलं गेलं, अशा गावांपैकी ते एक. ऑस्ट्रेलियात सत्तरी गाठेपर्यंत दर तिघांपैकी दोघांना कातडीचा कुठला ना कुठला कॅन्सर होतो, असा तिथला अंदाज आहे. भारतात मात्र एकूण कॅन्सरमध्ये कातडीच्या कॅन्सरचा वाटा जेमतेम एक-दोन टक्के.

सूर्य तोच असताना एवढी तफावत पडते ती मेलॅनिनमुळे, म्हणजे कातडीतल्या रंगद्रव्यामुळे. रंग बनवणाऱ्या पेशी गोऱ्या आणि सावळ्या माणसात जवळपास सारख्याच संख्येनं असतात. फरक पडतो तो त्या तयार करत असलेल्या रंगकणांच्या आकारात, जातीत आणि मांडणीत. सावळ्या कातडीत हे कण मोठे असतात आणि पेशीच्या केंद्रावर छत्रीसारखे पसरतात. किरण गुणसूत्रांपर्यंत पोचण्याआधीच बरेचसे अडतात. म्हणून ऑस्ट्रेलियातले सनस्क्रीनचे इशारे जसेच्या तसे उचलून श्रीगोंदा तालुक्यातल्या ऊसतोड्याला ऐकवणं मला पटत नाही. त्यानं पैसे जातील आणि नजर भलत्या जागी लागेल.

आपल्याकडे कातडीचा कॅन्सर बऱ्याचदा जुन्या जखमेतून, घासण्यातून, भाजल्याच्या व्रणातून येतो. हे मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये फार पूर्वी ओळखलं गेलं. डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि बी. सूर्याबाई यांनी १९४५ साली भारतीय सवयींशी जोडलेल्या तीन कॅन्सरांची नोंद प्रसिद्ध केली. त्यातला एक धोतराचा. कमरेला रोज त्याच जागी आवळलेला काचा, घाम, घर्षण, मग कातडी काळवंडणं, खवले सुटणं आणि शेवटी जखम. सूर्य जिथे कधी पोचत नाही अशी ती जागा!

ही गोष्ट संपलेली नाही. २०२४ मध्ये वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या आणि बिहारमधल्या मधुबनी मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी दोन स्त्रियांची हकिगत छापली. एक सत्तर वर्षांची, परकराची नाडी घट्ट बांधणारी. दुसरी साठीच्या अखेरीची. ती आत परकर न घालता लुगडं कमरेला आवळून नेसत होती, चाळीस वर्षं, रोज. तिच्या कमरेवरची जखम दोन वर्षं भरत नव्हती आणि तपासलं तेव्हा कॅन्सर जांघेतल्या गाठीपर्यंत गेला होता. आपल्या आज्या, माम्या, चुलत्या कमरेवर काळा पट्टा घेऊन वावरतात आणि ‘नाडीचा वळ आहे’ म्हणून सोडून देतात. नाडी थोडी सैल करा, जागा बदला, नाडीऐवजी रुंद पट्टी लावा, एवढं तरी घराघरात सांगता येईल.

भाजल्याचा व्रण ही दुसरी जागा. चुलीवर, गुऱ्हाळाच्या काहिलीशी लहानपणी भाजलेला हात, नीट न भरता वर्षानुवर्षं फुटत-खपली धरत राहिला, तर पुढे कित्येक वर्षांनी तिथे कॅन्सर उगवू शकतो.

तिसरी जागा तळपाय आणि नखं. मेलॅनोमा हा कातडीचा सर्वांत घातक कॅन्सर सावळ्या माणसात बहुतेक वेळा तिथेच होतो. गायक बॉब मार्ले याच्या पायाच्या अंगठ्यात १९७७ मध्ये तो सापडला, आधी ती फुटबॉलची इजा समजली गेली होती. १९८१ मध्ये छत्तिसाव्या वर्षी तो गेला. उसाच्या फडात ठेच लागून नख काळं पडणं रोजचंच. पण रक्त साकळलेला काळेपणा नख वाढतं तसा पुढे सरकतो. जो सरकत नाही, रुंद होत जातो किंवा नखाबाहेर कातडीवर उतरतो, तो डॉक्टरला दाखवायचा.

मग उन्हाला अगदीच निर्दोष सोडायचं का? नाही. जन्मतः केस आणि कातडी पांढरी असलेल्यांना, म्हणजे अल्बिनिझम असलेल्यांना, काष्टीचं ऊन खरोखर घातक आहे. अशा पोराला पूर्ण बाह्यांचा सदरा, रुंद काठाची टोपी आणि सावलीतलं काम, हेच औषध. कोडाच्या डागांवरही ऊन चटकन पोळतं, पण तिथे कॅन्सरची तेवढी भीती दिसत नाही. खालच्या ओठाची मात्र सगळ्यांनीच काळजी घ्यावी, विशेषतः बिडी-तंबाखूवाल्यांनी. गांधी टोपीनं ना कान झाकतात ना ओठ. फेट्याचा सोगा निदान मान तरी झाकतो.

जाता जाता लिंबाबद्दल, कारण आमच्या तालुक्याचं ते पीक. कागदी लिंबाचा रस हाताला लागलेला असताना उन्हात राहिलं, तर एक-दोन दिवसांत फोड येतात आणि नंतर काळे ओघळ महिनोन्महिने राहतात. तो कॅन्सर नव्हे. रसातला एक पदार्थ आणि ऊन यांची ती करणी. तोडणी झाल्यावर हात साबणानं धुवावेत.

महिना-दीड महिना भरत नसलेली जखम, कडा जाड झालेला व्रण किंवा वाढती काळी खूण दिसली, तर डॉक्टर बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवतात. ‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो’ हे गावोगाव ऐकू येतं आणि त्यापायी माणसं मलमं चोपडत वर्ष घालवतात. तुकडा काढल्यानं तो पसरत नाही. जखमेतून वाढणारा हा कॅन्सर लवकर सापडला, तर बहुतेक वेळा एका शस्त्रक्रियेत निघून जातो.