दूरच्या बैठकीची जवळची खोली

शासकीय वृत्तांतून ‘दूरदृश्य प्रणालीद्वारे’ हा शब्दप्रयोग आता इतका रुळला आहे की तो वाचताना कोणी थबकत नाही. कचेऱ्यांतून मात्र तिला ‘व्हीसी’ म्हणतात. ‘साहेब व्हीसीला बसले आहेत’ हे वाक्य ऐकले की बाहेरच्या बाकावर टेकावे, हे बुलढाणा जिल्ह्यातल्या तेराही तालुक्यांतील अभ्यागताला आता ठाऊक झाले आहे. शासकीय नाव भारदस्त आहे खरे. पण ते दिशाभूल करणारे आहे. दूरच्या सहकाऱ्यांशी होणारी बैठक दृश्यावर चालत नाही, ती शब्दावर चालते. चित्र क्षणभर गोठले तरी काम पुढे सरकते. शब्द विरला की सारेच अडते. आणि या बैठकांसाठी आपण जी खोली निवडतो, ती बहुधा ऐकू येण्याच्या दृष्टीनेच सर्वांत गैरसोयीची असते.

हा प्रश्न बुलढाण्याला इतरांहून अधिक का भिडावा, हे नकाशा सांगतो. जिल्ह्याचे ठाणे अजिंठ्याच्या डोंगररांगेवर. तेथे रेल्वे नाही. मलकापूरला आगगाडीतून उतरावे आणि राजूर घाट चढून यावे, हा जुना रिवाज. एका टोकाला लोणार, दुसऱ्या टोकाला सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर आणि जळगाव जामोद. विभागीय आयुक्त अमरावतीला, उच्च न्यायालयाचे खंडपीठ नागपूरला, मंत्रालय मुंबईला. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि मेहकर, सिंदखेड राजा या गावांना नागपूर जवळ आले. संग्रामपूरच्या कारकुनाला त्याचा फारसा उपयोग नाही. अर्ध्या तासाच्या चर्चेसाठी त्याचा दिवस आजही जातो. दूरच्या बैठकीचे महत्त्व मुंबईच्या मनुष्यापेक्षा त्याला अधिक आहे, ते यामुळे.

आता ती खोली पाहू. प्रस्तुत लेखकाने पाहिलेली एक अशी होती: चारही बाजूंना तैलरंग दिलेल्या गुळगुळीत भिंती, खाली फरशी, मधोमध काच घातलेले लांब टेबल, भोवती प्लॅस्टिकच्या खुर्च्या. भिंतीवर भला मोठा संच. खर्चाचा बहुतेक भाग त्यावरच झालेला. माईक एकच, तो अर्थातच साहेबांपुढे. पाठीमागे खिडकी, त्यामुळे पलीकडच्यांना साहेबांची केवळ छायाकृती दिसत असावी. विचारलेला आकडा माहीत असलेला कारकून टेबलाच्या शेवटच्या टोकाला बसलेला. तो उठून साहेबांच्या कानाशी लागे, साहेब ते माईकमध्ये सांगत, पलीकडून ‘पुन्हा सांगा’ असे येई, आणि कारकून पुन्हा उठे. ही काही नमुनेदार अव्यवस्था नव्हे. सर्वसाधारण व्यवस्थाच अशी आहे.

अशा खोलीत आवाज घुमतो, तो का, याचे शास्त्र सव्वाशे वर्षांपूर्वीच सिद्ध झाले आहे. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातील नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कोणालाच कळेना. वॉलेस सेबाइन या पदार्थविज्ञानाच्या तरुण अध्यापकावर दुरुस्तीचे काम सोपवण्यात आले. तेथे उच्चारलेला ध्वनी विरण्यास सुमारे साडेपाच सेकंद लागत. तेवढ्यात वक्ता पुढची दहा-पंधरा अक्षरे बोलून जाई आणि साऱ्यांचा काला होई. सेबाइनने जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, थोड्या थोड्या मांडून मोजमापे घेतली, आणि सकाळपूर्वी त्या जागच्या जागी पोचवल्या. त्यातून निघालेले सूत्र आजही वापरात आहे: खोलीचे आकारमान जितके मोठे तितका निनाद अधिक, आणि ध्वनी शोषणारा मऊ पृष्ठभाग जितका अधिक तितका तो कमी.

हे सूत्र आपल्या खोलीला लावून पाहावे. दहा फूट रुंद, बारा फूट लांब, दहा फूट उंच, गिलावा केलेली रिकामी खोली घेतली तर ध्वनी विरण्यास तीन सेकंदांच्या आसपास लागतात. तिच्यात शंभर चौरस फूट जाड, चुण्यांचा कापडी पडदा टांगला की हाच काळ एका सेकंदाच्या आत येतो. खर्च किती? सतरंज्या, गोधड्या, जाड गोणपाट यांपैकी काय आपल्याकडे मिळत नाही? अभिलेख कक्षातल्या मांडण्या आणि त्यांवरचे कापडात बांधलेले रुमालसुद्धा ध्वनी शोषतात. नवी चकचकीत खोली बांधण्यापेक्षा जुन्या दप्तरांच्या सान्निध्यात बैठक भरवणे शास्त्राला धरून होईल, असे म्हटले तर अधिकारीवर्ग हसेल. परंतु ते खरे आहे.

दुसरी गोष्ट माईकच्या अंतराची. बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की थेट पोचणाऱ्या ध्वनीची तीव्रता चौथ्या हिश्शावर येते. खोलीचा घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणजे शेवटच्या खुर्चीतला कारकून माईकला ऐकू येत नाही, ऐकू येते ती खोली. एका महागड्या माईकऐवजी दोन-तीन साधे माईक हाताच्या अंतरावर ठेवावेत, अथवा माणसे कमी करून टेबल लहान करावे. पंख्याचे आणि कूलरचेही तसेच. बुलढाणा शहर उंचावर असल्याने त्याचा उन्हाळा थोडा सौम्य. पण घाटाखाली खामगाव-शेगावकडे मे महिन्यात कूलर बंद करा म्हणणे हे निर्दयपणाचे आहे. बैठकीपूर्वी तासभर तो चालवून खोली गार करावी आणि माईक त्याच्या झोताबाहेर ठेवावा, एवढे करता येते. प्रकाशाबाबत तर खर्चच नाही: खिडकी समोर घ्यावी, पाठीशी नको, आणि कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला आणण्यासाठी खाली दोन जाड नोंदवह्या ठेवल्या की पुरे. एरवी पलीकडच्यांना आपल्या चेहऱ्यापेक्षा छताचा पंखाच अधिक दिसतो. वीज गेली तर इंटरनेटचे उपकरण चालू राहील अशी लहान बॅटरी हवी, हे वऱ्हाडात निराळे सांगायला नको.

परंतु प्रश्न केवळ सोयीचा नाही. १ एप्रिल २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका फौजदारी खटल्यात, अमेरिकेत असलेल्या साक्षीदाराची साक्ष या पद्धतीने नोंदवता येईल, असा निर्णय दिला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने चौकशी आणि खटल्याचे कामकाज इलेक्ट्रॉनिक माध्यमातून चालवण्यास स्पष्ट वाव दिला आहे. आरोग्य उपकेंद्रातील रुग्णाचे दुखणे ई-संजीवनीतून दूरच्या डॉक्टरपुढे मांडले जाते. साक्षीतला एक ‘नाही’ घुमाऱ्यात हरवला, किंवा एखाद्या बाईला आपला आजार उघड्या दाराच्या खोलीत चारचौघांदेखत सांगावा लागला, तर त्याची भरपाई कोणत्या यंत्राने व्हायची?

१९७५-७६ साली ‘साइट’ या उपग्रह प्रयोगातून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचली. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. तो प्रयोग मोठाच होता. पण खेड्याने फक्त ऐकायचे, अशी त्याची रचना होती आणि त्या काळच्या तंत्राला ती अपरिहार्यही होती. आज तंत्र दोन्ही बाजूंना सारखेच आहे. तरीही वरून बोलणारा एक आणि आवाज बंद करून बसलेले तालुक्यांचे चौकोन, असे दृश्य वारंवार का दिसते? काही अंशी ही वृत्तीची बाब आहे. पडद्यांनी ती बदलणार नाही. शाळेच्या वेळेत बैठका लावल्याने तास बुडतात, ही शिक्षकांची तक्रारही खोलीने सुटणार नाही. मात्र ‘तुमचा आवाज नीट येत नाही, तुम्ही बंदच ठेवा’ ही सबब तरी वरच्यांच्या हाती राहू नये.

म्हणून जिल्हा नियोजनाच्या निधीतून आणखी मोठे संच घेण्याऐवजी प्रत्येक तालुक्याच्या गावी एकेक लहान, बंद दाराची, मऊ भिंतींची खोली व्हावी. ती कचेरीतच असावी असे नाही. सार्वजनिक ग्रंथालयात जागा निघेल आणि पुस्तकांची कपाटे शेजारी असणे हितकरच. सकाळी तेथे केंद्रप्रमुखांची बैठक व्हावी, दुपारी वकिलाने नागपूरच्या खंडपीठापुढे उभे राहावे, सायंकाळी पुण्याच्या कंपनीत मुलाखत द्यायची असलेल्या चिखलीच्या किंवा देऊळगाव राजाच्या विद्यार्थ्याला ती तासाच्या हिशेबाने मिळावी. त्या मुलाच्या घरी जागा नसते असे नाही; पण एकाच खोलीत दूरदर्शन, शिवणयंत्र आणि धाकटी भावंडे असतात.

खोलीची परीक्षा कोणत्याही शिपायाला करता येईल. मधोमध उभे राहून एकदा टाळी वाजवावी. ती लगेच विरली तर बैठक सुरू करावी. झणझणत राहिली तर आणखी एक सतरंजी टांगावी, आणि पुन्हा टाळी वाजवून पाहावी.