घेण्याचे माप, देण्याचे माप

दुसऱ्या संस्कृतीतील आचार नीतीच्या कसोटीवर तोलण्याचा अधिकार कोणास आहे काय, हा प्रश्न केवळ तत्त्वज्ञांचा नाही. २०१५ साली अवघ्या दोन महिन्यांत जैन समाजापुढे तो दोन्ही अंगांनी उभा राहिला. प्रथम आरोपी म्हणून, मग निवाडा करणारा म्हणून.

१० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा हा आत्महत्येचाच प्रकार मानून तो भारतीय दंड संहितेच्या कलम ३०६ व ३०९ खाली दंडनीय ठरविला. २४ ऑगस्टला देशभर मूक मोर्चे निघाले आणि ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. समाजाचे दुःख होते ते व्रताचे मर्म जाणून न घेता निवाडा झाल्याचे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सल्लेखनेचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत जगण्याच्या इच्छेइतकीच मरणाची इच्छाही दोषास्पद मानली आहे. ज्या व्रतात मरणाची आस हाच दोष, त्याला आत्महत्या म्हणणे म्हणजे रक्कम भलत्याच खात्यावर मांडणे होय. १९५५ साली कुंथलगिरीवर आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली, तिचे स्मरण महाराष्ट्रातील जैन घरांत आजही आहे.

सप्टेंबरात पर्युषण आले. मुंबईत काही दिवस पशुवध व मांसविक्री बंद ठेवण्याचे ठरले आणि वाद पेटला. न्यायालयात गेलेले मटणविक्रेतेही व्यापारीच होते. १४ सप्टेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने १७ तारखेच्या विक्रीबंदीस स्थगिती दिली. ऑगस्टमध्ये ‘आमचा आचार आमच्या दृष्टीने पाहा’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी सप्टेंबरात तोच न्याय दुसऱ्यास लावला?

यावर काही जण अनेकान्तवादाचा हवाला देऊन म्हणतात की, ज्याचे त्याचे त्याच्या ठायी बरोबर. कोणी कोणास बोलू नये. परंतु हा अनेकान्त नव्हे. यज्ञातील पशुबळी हे करणाऱ्यांच्या दृष्टीने पवित्र कर्तव्य होते, तरीही जैन परंपरेने त्यास हिंसाच म्हटले. अनेकान्त निवाडा वर्ज्य करीत नाही. एकाच बाजूने पाहून केलेला निवाडा वर्ज्य करतो. शिवाय कोणताच नैतिक निवाडा शक्य नसेल, तर ‘संथाऱ्यावर अन्याय झाला’ हे तरी कोणत्या आधारे म्हणावे?

बाहेरच्याच्या नजरेला कधी आतल्यास न दिसणारे दिसते, हेही मान्य करावे लागेल. वृद्ध आईने व्रत स्वेच्छेने घेतले, की घरच्यांच्या भिडेने, हा टीकाकारांचा प्रश्न अवमानकारक वाटला तरी अनाठायी नाही. तो समाजाने स्वतःच आधी विचारला पाहिजे.

त्याच सातव्या अध्यायात अचौर्यव्रताचा एक अतिचार सांगितला आहे: घेण्याचे माप एक आणि देण्याचे दुसरे. दुकानातील तराजूपुरता हा नियम पाळणारी घरे पुष्कळ आहेत. इतरांच्या आचारविचारांचे वजन करतानाही तोच लागू आहे. मांसाहार ही हिंसा आहे, असे जैनाने निःसंकोच म्हणावे, पटवून द्यावे आणि आपल्या वागण्यातून दाखवावे. मात्र म्हणणे आणि हुकमाने दुसऱ्याचे दुकान बंद करविणे यांत अंतर आहे. तसेच संथाऱ्यावर टीका करणे आणि तो घेणाऱ्यास गुन्हेगार ठरविणे यांतही. हे अंतर जो दुसऱ्यासाठी राखतो, त्यालाच ते स्वतःसाठी मागता येते.