लार्ग्सचं मॅककॅलम

स्कॉटलंडमधल्या क्लाइडच्या खाडीवरच्या लार्ग्समध्ये आइस्क्रीम म्हटलं की नाव निघतं नार्दिनींचं. हे कुटुंब मूळचं इटलीच्या टस्कनीतल्या बार्गाचं. समुद्रासमोरचा त्यांचा आर्ट डेको शैलीतला कॅफे १९३५ साली उघडला. जुलैत ‘ग्लासगो फेअर’ची सुट्टी लागली की आगबोटी भरभरून गिऱ्हाईक यायचं. अशा कॅफेंतला खास पदार्थ मॅककॅलम: व्हॅनिला आइस्क्रीमवर रास्पबेरीचा लालभडक रस. (बोचऱ्या वाऱ्यात तो खाणाऱ्यांचं कौतुकच!)

१० जून १९४० रोजी इटली ब्रिटनविरुद्ध युद्धात उतरली आणि एडिनबरा, ग्लासगोत इटालियन दुकानांच्या काचा फुटल्या. कालपर्यंत आइस्क्रीम देणारे हात रातोरात शत्रूचे ठरले. अनेकांना कैदेत टाकलं गेलं. अशा कैद्यांना कॅनडाला नेणारी ‘अरँडोरा स्टार’ ही बोट २ जुलैला जर्मन पाणबुडीने बुडवली. तीत चारशेहून अधिक इटालियन गेले.