युद्धपटाची पहिली दोन मिनिटं मोबाईलवर शूट करताय? मग आधी कॅमेरा बाजूला ठेवा

मागच्या आठवड्यात माझ्या मावसभावाचा मेसेज आला, "दादा, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी वॉर फिल्मचं ओपनिंग करायचंय. दोन मिनिटांचं. स्फोट टाकायला कुठलं ॲप बेस्ट?"

मला हसूच आलं. कारण इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मी हाच प्रश्न सीनियरला विचारला होता. तेव्हा आम्ही चौघांनी एका स्पर्धेसाठी अशीच दोन मिनिटं शूट केली होती. गावाबाहेरची टेकडी, प्लास्टिकच्या तीन बंदुका, एडिटिंगमध्ये चिकटवलेले अकरा स्फोट आणि पहिल्या सेकंदापासून ढणढणणारं म्युझिक. पहिल्या फेरीत हॉलमध्ये स्क्रीनिंग झालं आणि चौथ्या स्फोटाला लोक हसायला लागले. विनोदी सीन नव्हता, एक जवान मरत होता.

सुधारून द्यायला तीन आठवडे होते. माझ्या रूममेटचे काका सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सुट्टीत त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी ती क्लिप मोबाईलवर शांतपणे पाहिली आणि एवढंच म्हणाले, "पोरांनो, एवढं सगळं दिसत नसतं रे तिथं. ऐकू येतं."

हा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे. ॲपचं नंतर बघू.

आधी ऐका, मग बघा

शिकण्यासाठी मला सापडलेला सगळ्यात उपयोगी व्यायाम फुकट आहे. एखाद्या चांगल्या युद्धपटाची पहिली काही मिनिटं लावा, स्क्रीन पालथी घाला आणि हेडफोनवर फक्त ऐका. वहीत दोन रकाने करा. डावीकडे वेळ, उजवीकडे जे ऐकू आलं ते. "पाणी", "धातूवर ठक ठक", "कुणीतरी ओकतंय", "अचानक शांत". मग तोच भाग आवाज बंद करून बघा आणि प्रत्येक कट कुठे आहे ते मोजा. शेवटी दोन्ही याद्या शेजारी ठेवा. आवाज आधी बदलला आणि चित्र मागून आलं, अशा जागा दिसतील. त्या जागा चोरायच्या. म्हणजे शॉट नाही चोरायचे, युक्ती चोरायची.

उदाहरण म्हणून स्टीव्हन स्पीलबर्गचा 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' (१९९८) घ्या. पुष्कळांना वाटतं हा सिनेमा ओमाहा बीचवर सुरू होतो. नाही! तो सुरू होतो एका स्मशानभूमीत चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसापासून. बीच त्यानंतर येतो, आणि त्या पूर्ण लढाईत पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा पाण्याखाली गेला की गोळ्यांचा आवाज दबतो, वर आला की परत फुटतो. टॉम हँक्सच्या जवळ गोळा फुटतो तेव्हा सगळं जग बहिरं होतं आणि तो बधिर नजरेनं आजूबाजूला बघत राहतो. साउंड डिझायनर गॅरी राइडस्ट्रॉमला या सिनेमासाठी ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. आता विचार करा, बहिरेपणाचा तो क्षण करायला तुम्हाला रणगाडा लागतो का? एक चेहरा लागतो आणि एक फिल्टर.

दुसरं उदाहरण २०२२ चा जर्मन सिनेमा 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट'. यात सुरुवातीला एक सैनिक मरतो आणि पुढे कॅमेरा त्याच्या गणवेशामागे जातो. गणवेश काढला जातो, धुतला जातो, शिलाई मशीनवर भोकं शिवली जातात आणि मग तोच एका नव्या, उत्साही पोराच्या हातात पडतो. कपड्यांचा प्रवास, बस्स. स्टुडंट फिल्मसाठी याहून मोठा धडा मला माहीत नाही, कारण शिलाई मशीन आपल्यापैकी अनेकांच्या घरात असतं. आणि गंमत म्हणजे त्यातली तीन सुरांची भीतीदायक थीम फोल्कर बर्टलमान या संगीतकाराने आपल्या पणजीच्या हार्मोनियमवर वाजवली आहे, आवाज मुद्दाम खरखरीत करून. आपण भजनाला घेतो ती पेटी त्याच घराण्यातली.

एक फ्रेम म्हणजे चौदा मीटर

काकांना आम्ही विचारलं, "म्हणजे नेमकं काय ऐकू येतं?" ते म्हणाले, "लांबचा गोळा आधी दिसतो, मग ऐकू येतो. मधला वेळ मोजायचा. कमी होत चालला की समजायचं."

वीज आणि गडगडाटाचं गणित सगळ्यांनी शाळेत केलंय, पण आमच्या अकरा स्फोटांत उजेड आणि आवाज एकदमच होते. म्हणून ते खोटे वाटत होते. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. तेवढ्या वेळात आवाज सुमारे १४ मीटर कापतो. म्हणजे टाइमलाइनवर आवाज एक फ्रेम उजवीकडे सरकवला की स्फोट १४ मीटर लांब गेला. ५०० मीटरवरचा गोळा दाखवायचाय? ३६ फ्रेम सरकवा. आमच्या नव्या व्हर्जनमध्ये तीन गोळे होते, अकरा नाही. पहिल्याला ७० फ्रेम उशीर, दुसऱ्याला ४०, तिसऱ्याला १२. कुणी काही बोलत नाही, म्युझिक नाही, तरी बघणाऱ्याला कळतं की ते जवळ येतंय.

लांबचा आवाज फक्त उशिरा आणि हळू येत नाही, तो बदलूनही येतो. अंतर वाढलं की हवा उंच पट्टीचे आवाज जास्त खाते आणि घुमणारा भाग उरतो. एडिटरमधला लो-पास फिल्टर हेच करतो. जवळच्या स्फोटाला फिल्टर नको, लांबच्याला ३००-४०० हर्ट्झच्या वरचं बहुतेक सगळं कापा. बंदुकीचंही असंच आहे. रायफलची गोळी आवाजापेक्षा वेगात जाते. म्हणून ज्याच्या बाजूने ती जाते त्याला आधी 'चट्ट' ऐकू येतं आणि मग मागून बंदुकीचा 'धप्प'. बऱ्याच स्टुडंट फिल्म्समध्ये (आणि काही मोठ्या सिनेमांतसुद्धा) फक्त 'ढिश्क्यांव' असतं.

आम्ही मग ठरवलं की आधी दोन मिनिटांची पूर्ण साउंडट्रॅक बनवायची, चित्र शून्य. लोखंडी कपाटावर मूठ मारून रेकॉर्ड केलं, वेग निम्मा केला, वरचे आवाज कापले: लांबचा गोळा तयार. ओला टॉवेल फरशीवर आपटला: चिखलात पडलेला माणूस. कडब्याच्या पेंढीवर पाय: झाडीतली चाल. कान बधिर होण्यासाठी बाकी सगळं दाबून ४००० हर्ट्झचा बारीक सूर ठेवला. श्वास मात्र खरे घेतले. रूममेटला जिना चार वेळा पळवला आणि लगेच मोबाईल तोंडाजवळ धरला.

इथे एक टेक्निकल खड्डा आहे, आम्ही त्यात पडलो म्हणून सांगतो. व्हिडिओ एका फोनवर आणि आवाज दुसऱ्या फोनवर घेतला, सुरुवातीला टाळी वाजवून जुळवला, तरी मिनिटाभराने ओठ आणि आवाज सुटायला लागतात. कारण अनेक फोन फ्रेम रेट स्थिर ठेवत नाहीत. उजेड कमी झाला की २५ चे गुपचूप २३-२४ होतात, आणि काही एडिटर त्यात गोंधळतात. उपाय दोन. फ्रेम रेट लॉक करणारं कॅमेरा ॲप वापरा (ब्लॅकमॅजिक कॅमेरा फुकट आहे), किंवा एडिटिंगआधी क्लिप हँडब्रेकमधून काढून फ्रेम रेट 'कॉन्स्टंट' करून घ्या. टाळी शेवटीही वाजवा. दोन टाळ्यांमधलं अंतर दोन्हीकडे सारखं नसेल तर लगेच कळतं.

आता कॅमेरा

'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'मधली लढाई एवढी झटकेदार का दिसते? सिनेमॅटोग्राफर यानुश कमिन्स्कीने शटर नेहमीच्या १८० अंशांऐवजी ९० आणि ४५ अंशांवर ठेवलं. प्रत्येक फ्रेम कमी वेळ उघडी राहिली, हालचालीचा धूसरपणा गेला आणि उडणारा मातीचा कण न कण वेगळा दिसायला लागला. फोनमध्ये अंश नसतात, शटर स्पीड असतो. हिशोब सोपा आहे: ३६० गुणिले फ्रेम रेट गुणिले शटर स्पीड. २५ फ्रेमला १/५० म्हणजे १८० अंश, १/१०० म्हणजे ९०, १/२०० म्हणजे ४५.

इथपर्यंत बऱ्याच व्हिडिओंत सांगतात. पुढची गोष्ट सहसा सांगत नाहीत. उन्हात तुमचा फोन ऑटोवर असेल तर तो आधीच १/१००० च्या पुढे गेलेला असतो, कारण फोनच्या लेन्सचं छिद्र बहुधा लहान करता येत नाही, मग उजेड कमी करायला शटर पळवणं एवढंच त्याच्या हातात उरतं. म्हणजे तुमचा चहा पितानाचा शॉटही ओमाहा बीचसारखाच कडक दिसतो! मग लढाई वेगळी कशी वाटणार? झटका लढाईत घालायचा नाहीये, शांततेतून काढायचा आहे. शांत भाग १/५० वर घ्या आणि गोळा पडल्यावरच १/२०० वर जा.

भर उन्हात एफ १.८ ची लेन्स आणि आयएसओ ५० असेल तर शटर १/४००० च्या आसपास लागतो. १/५० वर यायला प्रकाश ऐंशीपट कमी हवा, म्हणजे क्लिपवाला एनडी ६४ फिल्टर. आमच्याकडे पैसे नव्हते, आम्ही सूर्योदयाआधीचा अर्धा तास वापरला. ते जास्त बरं झालं. खोलीत शूट करताना मात्र १/२०० जपून वापरा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि बरेच एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५० आणि १/१०० ला ते लपतं, १/२०० ला स्क्रीनवर पट्टे सरकताना दिसतात.

दोरी घेऊन चालणं

प्लॅनिंगची सर्वात छान गोष्ट मला '१९१७' या सिनेमाच्या तयारीतून कळली. तो एकसलग शॉटसारखा दिसतो, त्यामुळे मध्ये कापून वेळ जुळवायची सोय नाही. म्हणून कलाकारांनी आधी मोकळ्या मैदानात चालत संवाद म्हटले, खुणा केल्या, आणि खंदक तेवढ्या लांबीचे खणले. संवाद संपला आणि खंदक उरला, असं चालणारच नव्हतं.

आम्ही हॉस्टेलच्या मैदानावर नायलॉनची दोरी अंथरली. कानात आमची साउंडट्रॅक, हातात फोन, आणि चालत राहायचं. तिसरा गोळा पडतो तेव्हा कॅमेरा कुठे आहे? तिथे चुन्याची खूण. मग प्रत्येक खुणेवर एक साधा फोटो काढून ते आवाजाच्या टाइमलाइनवर लावले. चित्रं काढता येत नसली तरी हाच तुमचा स्टोरीबोर्ड. या फोटोंच्या फिल्ममध्येच कळलं की आमच्या २६ शॉट्सपैकी १५ ची गरज नाही. टेकडीवर जायच्या आत कळलं, म्हणून अख्खा दिवस वाचला.

बंदुका आम्ही काढूनच टाकल्या. पहिल्या शूटला लांबून कुणीतरी बघितलं, फोन केला आणि पोलीस टेकडीवर आले. कॉलेजचं पत्र नव्हतं. दोन तास समजावण्यात गेले आणि सूर्य गेला. तुम्ही शूट करणार असाल तर कॉलेजचं लेखी पत्र घ्या, पोलीस ठाण्यात आधी कळवा. सैनिक आहोत असं भासवण्यासाठी लष्करी गणवेश घालणं हा गुन्हा आहे, तेव्हा शूटमधले कपडे घालून चहाच्या टपरीवर जाऊ नका. फटाके तर अजिबात नकोत. साउंडट्रॅक नीट असेल तर त्यांची गरजही पडत नाही.

नव्या व्हर्जनची पहिली वीस सेकंदं काळीच होती. श्वास, लांबचा गोळा, आणि एका इनॅमलच्या मग्ग्यावर चमचा लागल्याचा आवाज. मग्गा काकांचाच होता, त्यांच्या फडताळातून मागून आणलेला. स्पर्धेत आम्ही दुसरे आलो. मला त्यापेक्षा काकांनी तो बघितला ते आठवतं. पहिल्या गोळ्याला त्यांनी ओठ हलवून काहीतरी मोजलं. मग्ग्याच्या आवाजाशी फोन हातात घेतला, मागे सरकवला आणि स्क्रीनकडे न बघता कानाला लावून परत ऐकला. मग काकूंना हाक मारली, "अगं, हे ऐक जरा."

मावसभावाला मी अजून ॲपचं नाव पाठवलेलं नाही. रविवारपर्यंत दोन मिनिटांचा नुसता आवाज पाठव म्हटलंय. काल रात्री पहिली फाईल आली. स्फोट अजून एकदमच वाजतायत.