इंग्रजीचे धडे आणि धर्माची पुस्तके

परकी भाषा शिकविण्यासाठी धर्मग्रंथ हाती घेण्याची प्रथा जगात नवी नाही. अरबी बोलीभाषा नसलेल्या देशांतील असंख्य मुले अरबी अक्षरे गिरवितात ती कुराणाच्या पठणासाठी. मराठी घरातील मुलाची जीभ संस्कृतच्या जोडाक्षरांना प्रथम सरावते ती रामरक्षेने, आणि पिढ्यान्‌पिढ्या मराठी उच्चार घोटले गेले ते मनाच्या श्लोकांनी. तेव्हा ख्रिस्ती भक्तिपर पुस्तकांच्या आधारे कोठे इंग्रजी शिकविले जाते, एवढ्यावरून दचकून जाण्याचे कारण नाही. मात्र या दोहोंत एक मूलभूत भेद आहे. रामरक्षा म्हणणाऱ्या मुलाच्या घरात राम आधीच असतो; ख्रिस्ती कुटुंबातील मुलाच्या घरात येशू असतो. परंतु इंग्रजीसाठी शुभवर्तमान उघडणाऱ्या इतर विद्यार्थ्याला हवी असते भाषा, आणि देणाऱ्याला बहुधा द्यावयाचा असतो धर्म. दोघे एकाच पानावर वाकलेले असतात. दोघांचे लक्ष मात्र वेगवेगळ्या ठिकाणी असते. सारा प्रश्न या अंतराचा आहे.

पुणे शहराने हा प्रयोग फार पूर्वी पाहिला. 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात सरकारी आश्रयाने पाठशाळा सुरू झाली. ती मुख्यतः ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी व संस्कृत विद्येसाठी होती. पुढे स्कॉटिश मिशनऱ्यांनी पुण्यात शाळा चालविल्या. तेथे जातीची अट नव्हती, इंग्रजी होते, आणि त्याबरोबर बायबलचा पाठही होता. जोतीराव फुले 1841 मध्ये अशाच मिशनच्या इंग्रजी शाळेत दाखल झाले व 1847 पर्यंत तेथे शिकले. माळ्याच्या मुलाला इंग्रजी शिकण्यासाठी त्या काळी पुण्यात किती दारे उघडी होती, हा प्रश्न विचारल्याशिवाय मिशनच्या शाळांचे मूल्यमापन करणे अन्यायाचे होईल.

या व्यवहाराचे अर्थशास्त्र सरळ आहे. शाळेला लागणाऱ्या वस्तूंपैकी छापील पुस्तक ही त्या काळी महाग वस्तू होती. लंडनमध्ये 1804 मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीसारख्या संस्था देणग्यांच्या बळावर धर्मपुस्तके उत्पादनखर्चाच्याही खाली विकत, प्रसंगी फुकट देत. पाठ्यपुस्तकाची किंमत पालकांनी द्यावयाची आणि बायबलची किंमत दूरदेशीच्या देणगीदाराने, अशी स्थिती असल्यावर गरिबांच्या वर्गात कोणते पुस्तक पोहोचणार, हे सांगावयास नको. पण फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत कोणीतरी दिलेलीच असते, आणि जो किंमत देतो तो वस्तूची निवडही करतो. खेड्यातील वा झोपडवस्तीतील विद्यार्थ्याच्या हाती पडणारे पुस्तक शिक्षणशास्त्राने निवडलेले नसते. ते देणगीदाराच्या हेतूने निवडलेले असते. हे सत्य सर्वच धर्मांच्या दातृत्वाला लागू आहे.

शिक्षणाच्या दृष्टीने या पुस्तकांचे गुणदोष तपासले पाहिजेत. गुण नाहीत असे नाही. शुभवर्तमानातील कथा आटोपशीर आहेत. पेरणारा शेतकरी, हरवलेले मेंढरू, द्राक्षमळ्यातील मजूर आणि घरी परतणारा उधळ्या मुलगा ही पात्रे समजण्यासाठी मराठी विद्यार्थ्याला विलायत पाहावी लागत नाही. वाक्यांची पुनरावृत्ती असते आणि ती स्मरणाला मदत करते. सर्वांत मोठी सोय वचनांच्या क्रमांकांची. इंग्रजी आणि मराठी प्रती शेजारी ठेवल्या की अध्याय व वचन पाहून ओळीला ओळ लावता येते. शब्दकोश घेणे ज्याला परवडत नव्हते, अशा विद्यार्थ्याला भाषांतराची एवढी मोठी शिदोरी दुसऱ्या कोणत्या पुस्तकाने दिली असती? जॉन बन्यनच्या 1678 मधील ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’चे हरी केशवजी यांनी केलेले ‘यात्रिकक्रमण’ हे भाषांतर 1841 मध्ये निघाले. त्याच्याकडेही मराठी गद्याचे आरंभीचे भाषांतर म्हणून अभ्यासक आदराने पाहतात.

दोषही तितकेच स्पष्ट आहेत. दीर्घकाळ वर्गात वापरले गेलेले इंग्रजी बायबल 1611 मधील. त्यातील ‘दाऊ’, ‘हॅथ’ आणि ‘अन्टू’ ही रूपे व्यवहारातून केव्हाच गेली होती. ज्याला कचेरीत अर्ज लिहावयाचा, बँकेत खाते उघडावयाचे, रेल्वेच्या वेळापत्रकाची चौकशी करावयाची, त्याच्या हाती संदेष्ट्यांची गंभीर वाणी देऊन काय साधणार? ही अडचण धर्मप्रसारकांनाही जाणवली होती. ओग्डेन यांच्या 850 शब्दांच्या ‘बेसिक इंग्लिश’मध्ये आणखी दीडशे शब्दांची भर घालून, एकूण हजार शब्दांत बायबलचे भाषांतर झाले. त्याचा नवा करार 1941 मध्ये व संपूर्ण ग्रंथ 1949 मध्ये निघाला. पुढे 1966 मध्ये सोप्या, चालू इंग्रजीतील नवा करार अमेरिकेत प्रसिद्ध झाला. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा वाचकांचाही विचार त्यामागे होता. भाषेची अडचण अशी बरीचशी सुटली. हेतूची अडचण मात्र तशीच राहिली.

या हेतूचे काय झाले, हे पाहण्यासाठी इतिहासाइतका चांगला साक्षीदार नाही. जोतीराव मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले आणि त्या इंग्रजीत त्यांनी थॉमस पेनचा ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचला. हा पेन म्हणजे बायबलच्या अधिकारावर कठोर प्रहार करणारा लेखक! मिशनऱ्यांच्या कार्याविषयी जोतीरावांना कृतज्ञता होती, तरी ते ख्रिस्ती झाले नाहीत. 1873 मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. भाषा एकदा हाती आली की ती कोणत्या पुस्तकाकडे वळेल, हे शिकविणाऱ्याच्या हाती राहत नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून बोलके आहे. 1882 मध्ये त्या पुण्यास आल्या तेव्हा त्यांचे संस्कृत पांडित्य सर्वश्रुत होते, पण इंग्रजी येत नव्हते. मिस हरफर्ड या मिशनरी बाई त्यांना प्राथमिक वाचनपुस्तकांतून इंग्रजीचे धडे देत आणि त्यांच्याबरोबर मराठी नवा करारही वाचीत. वाचनपुस्तकापेक्षा नव्या करारातच आपले मन कधी कधी अधिक रमे, असे रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथवर पाहिले तर देणाऱ्याचा हेतू पूर्णपणे सफल झाला असे दिसेल. पण पुढचा भाग विसरता येत नाही. त्याच इंग्रजीत रमाबाईंनी आपल्या धर्मगुरूंशी आणि सिस्टर जेराल्डीन यांच्याशी वर्षानुवर्षे वाद घातला, चर्चची मते तपासल्यावाचून स्वीकारण्यास नकार दिला आणि आपल्या सदसद्विवेकबुद्धीचा अधिकार सोडला नाही. हा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने 1977 मध्ये प्रसिद्ध केला असून तो कोणालाही पाहता येतो. प्राथमिक वाचनपुस्तकापासून आरंभ करणाऱ्या या बाईंनी 1887 मध्ये ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध केले.

या दोन उदाहरणांवरून विद्यार्थी हा काही मातीचा गोळा नसतो, हे सिद्ध होते. परंतु एवढ्यावर निश्चिंत होणे बरोबर नाही. फुले आणि रमाबाई या असामान्य व्यक्ती होत्या. त्यातही रमाबाई नव्या कराराकडे वळल्या तेव्हा चोवीस वर्षांच्या, शास्त्रार्थात मुरलेल्या विदुषी होत्या. कोवळ्या मुलाची गोष्ट निराळी. मुंबईत 1839 मध्ये मिशनच्या शाळेतील पारशी तरुणांनी धर्मांतर केले तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली. 1843 मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत यालाही मिशनऱ्यांकडून परत मिळविण्यासाठी वडिलांना न्यायालयात जावे लागले. मुलगा घरी आला, पण त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावरून सनातनी मंडळींनी काहूर माजविले आणि त्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या बाळशास्त्री जांभेकरांना मनस्ताप भोगावा लागला. एका अजाण मुलाला एकीकडून ओढणारे होते आणि दुसरीकडून लोटणारेही होते, हे या प्रकरणात विसरता कामा नये.

पुण्यात हाच प्रश्न 1893 मध्ये पुन्हा उभा राहिला, आणि या वेळी पूर्वीची शिष्या गुरूच्या जागी होती. रमाबाईंच्या शारदा सदनात धार्मिक तटस्थतेचे आश्वासन होते. तेथील काही हिंदू मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी राजीनामे दिले. आपण कोणाला बोलावीत नाही, पण दारही लावून घेणार नाही, ही रमाबाईंची बाजू होती. ती प्रामाणिक होती यात शंका नाही. तरीही ज्या मुलीला दुसरा आसरा नाही, तिच्या स्वेच्छेचा अर्थ काय घ्यावयाचा? पर्याय नसलेली निवड ही निवड नव्हे, हे बाजारात खरे आहे तसे शाळेतही खरे आहे.

कायद्याने या प्रश्नाचे उत्तर क्रमाक्रमाने शोधले. 1854 च्या वुडच्या खलित्याने अनुदान देताना शाळेतील धर्मशिक्षणाकडे सरकारने लक्ष देऊ नये, केवळ लौकिक शिक्षण तपासावे, असे ठरविले. स्वतंत्र भारताच्या घटनेतील अठ्ठाविसावे कलम त्याच्या पुढे गेले. पूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेत विद्यार्थ्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून त्याला धर्मशिक्षणास बसविता येत नाही. पण शाळेबाहेरच्या फुकट वर्गाला, संध्याकाळच्या संभाषणवर्गाला हे कलम सहसा पोहोचत नाही. तेथे कायद्यापेक्षा शिक्षकाची नीती महत्त्वाची ठरते. 2003 मध्ये इंग्रजी शिक्षकांच्या ‘टेसॉल क्वार्टरली’ या नियतकालिकात ज्युलियन एज यांनी हाच मुद्दा मांडला. इंग्रजीचा वर्ग हे धर्मांतराचे आडून वापरलेले साधन होत असेल, तर तो विद्यार्थ्याशी अप्रामाणिकपणा आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्यावर ख्रिस्ती आणि अन्य शिक्षकांमध्ये बराच वाद झाला, आणि 2009 मध्ये दोन्ही बाजूंच्या संवादाचा ग्रंथही निघाला.

या वादातून तीन कसोट्या काढता येतील. पहिली, हेतू उघड असावा. इंग्रजीच्या वर्गाची पाटी लावून आत प्रार्थनावर्ग चालवू नये. दुसरी, विद्यार्थी सज्ञान असावा किंवा त्याच्या पालकांना पुस्तक कोणते आहे ते आधी कळावे. तिसरी, आणि सर्वांत अवघड, म्हणजे पुस्तक नको म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला इंग्रजी शिकण्याचा दुसरा मार्ग असावा. या कसोट्यांना उतरणाऱ्या प्रौढ वर्गात कोणी शुभवर्तमानातील कथा वाचल्या, तर त्याला हरकत घेण्याचे कारण नाही. जो इंग्रजी वाङ्मय वाचणार आहे, त्याला मिल्टन समजण्यासाठी बायबल माहीत असणे आवश्यकच आहे.

उलट दिशेचे उदाहरणही येथे ध्यानात घ्यावे. गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने संतांच्या ओवीचे वळण आत्मसात करून ‘क्रिस्तपुराण’ रचले; ते 1616 मध्ये छापले गेले. पुण्यात काम केलेल्या निकोल मॅक्निकोल यांनी मराठी संतांच्या अभंगांची इंग्रजी भाषांतरे 1919 मध्ये प्रसिद्ध केली. हे मिशनरी आपल्या भक्तिग्रंथांच्या सहवासात मराठीत मुरले, वारकरी मात्र झाले नाहीत. भक्तीचे पुस्तक भाषेचा उत्तम गुरू होऊ शकते. वाचणारा स्वतःच्या पायांवर उभा असेल तर श्रद्धा गमावण्याचे भय त्याला नसते.

प्रश्न आहे तो विद्यार्थ्याला पायांवर उभे करण्याचा. महाराष्ट्रात 2000 पासून इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाते, तरी दहावी झालेल्या अनेक मुलांना चार वाक्ये धड लिहिता येत नाहीत, हे शिक्षकांना सांगावयास नको. ही तूट जेथे असेल तेथे कोणी ना कोणी दाता येणारच. आज एक येईल, उद्या दुसरा. एकाच्या हातात बायबल असेल, दुसऱ्याच्या हातात आणखी काही. दात्यावर चिडून तूट भरून निघत नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हटले, पण तेवढे म्हणून ते थांबले नाहीत. 1 जानेवारी 1880 रोजी टिळकांसह त्यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. त्या शाळेची तूट परदेशी देणगीदाराने भरली नव्हती; अल्प वेतनावर राबणाऱ्या शिक्षकांनी ती स्वतः सोसली होती.

आज त्या मार्गाने जावयाचे तर खर्च फारसा नाही. तालुक्याच्या प्रत्येक ग्रंथालयात श्रेणीवार, स्वस्त, समोरासमोर मराठी-इंग्रजी मजकूर असलेली वाचनमाला असावी. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’ची इंग्रजी भाषांतरे उपलब्ध आहेत. एका ख्रिस्ती मराठी बाईचे हे आत्मचरित्र सर्व धर्मांच्या मराठी वाचकांनी आपले मानले. अशा पुस्तकातील निवडक प्रकरणे दोन्ही भाषांत शेजारी छापली, तर शुभवर्तमानाच्या क्रमांकांची सोय विद्यार्थ्याला मिळेल आणि त्याच्यापुढे कोणतीही अट राहणार नाही. गरीब विद्यार्थ्याच्या पुस्तकाचे पैसे समाजाने दिले नाहीत तर ते दुसरा कोणीतरी देईल, आणि मग पुस्तक कोणते असावे हेही तोच ठरवील.