तीन वर्षांचे रविवार आणि एक संख्या

२ हा आकडा ६७ वेळा मांडून गुणाकार केला आणि उत्तरातून १ वजा केला, की १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही २१ अंकी संख्या मिळते. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशी ती जुनी गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. तसे आठ पट भरले, तरी दाणे या संख्येपेक्षा सातने कमीच पडतात.

गणितींना प्रश्न पडला होता तो वेगळाच. ही संख्या मूळ आहे का? म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून आणखी कशाने तिला निःशेष भाग जातो का? याच रीतीने ३, ५ किंवा ७ वेळा २ मांडला तर ७, ३१ आणि १२७ या मूळ संख्या मिळतात. ११ वेळा मांडला तर मात्र २०४७ येते आणि ती २३ × ८९ अशी फुटते.

फ्रान्समधील धर्मगुरू आणि गणिती मारँ मेर्सेन यांनी १६४४ मध्ये आपली २१ अंकी संख्या मूळ असल्याचे सांगितले. १८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी ते चूक ठरवले. त्यांची कसोटी संख्या मूळ नाही एवढे सांगत होती, तिचे अवयव मात्र सांगत नव्हती.

ते सापडले १९०३ मध्ये. न्यूयॉर्कमधील गणितींच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्याजवळ गेले आणि एक शब्दही न बोलता त्यांनी १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७ हा गुणाकार करून दाखवला, असे सांगतात. शोधायला किती वेळ लागला, या प्रश्नावर ‘तीन वर्षांचे रविवार’ असे त्यांनी उत्तर दिल्याची आख्यायिका आहे.

गुणाकार सोपा, पण त्यावरून अवयव शोधणे महाकठीण. याच विषमतेवर रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये गुप्तलेखनाची पद्धत उभारली. इंटरनेटवरील व्यवहारांच्या सुरक्षेसाठी ती आजही वापरली जाते. कोल यांची संख्या आज साधा संगणकही क्षणात फोडतो. पण कुलपासाठी वापरतात ती संख्या बहुधा ६१७ अंकी असते. २०२० मध्ये २५० अंकी संख्या फोडायलाच असंख्य संगणकांची ताकद एकवटावी लागली.

तरीही हे कुलूप कायमचे नाही. पुरेसा मोठा क्वांटम संगणक असे अवयव झटपट काढू शकेल, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवले. तसा संगणक अजून बनलेला नाही. पण आज चोरून साठवलेली गुप्त माहिती तो आल्यावर उघडता येईल. म्हणूनच अमेरिकेच्या मानक संस्थेने २०२४ मध्ये अवयवांवर न विसंबणाऱ्या नव्या पद्धती जाहीर केल्या. जुनी कुलपे बदलण्याचे काम आता सुरू झाले आहे.