पाच बाइटांची बेरीज

३२, ०, ३२, १, १०६. दोन पूर्णांकांच्या बेरजेच्या सूचना ब्राउझरसाठी एवढ्या पाच बाइटांत मावतात. ३२ आणि ० म्हणजे पहिली संख्या चळतीवर ठेव. ३२ आणि १ म्हणजे दुसरी तिच्यावर ठेव. १०६ म्हणजे वरच्या दोन्ही काढ आणि त्यांची बेरीज तिथे ठेव. ताटांच्या चळतीसारखाच हा हिशेब: ठेवायचे वर, काढायचेही वरूनच. या बाइटकोडचे नाव वेबअसेम्ब्ली. तो सहसा कुणी हाताने लिहीत नाही. सी++ किंवा रस्टमधला प्रोग्राम कंपायलर त्यात उतरवतो.

त्याची गरज पडली ती ब्राउझरच्या मूळ भाषेमुळे, जावास्क्रिप्टमुळे. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीसाठी दहा दिवसांत तिचा पहिला नमुना केला, तो वेबपानांवरच्या छोट्या कामांसाठी. तिच्यात एखाद्या नावामागे संख्या आहे की मजकूर, हे प्रोग्राम चालू असतानाच ठरते. ब्राउझर अंदाजाने वेगवान यंत्रभाषा तयार करतो. अंदाज चुकला की केलेले काम टाकून द्यावे लागते.

२०१३ मध्ये ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने त्यावर 'एएसएम.जेएस'ची वाट काढली: जावास्क्रिप्टचाच काटेकोर भाग, ज्यात प्रत्येक संख्येचा प्रकार आधीच कळतो. त्याच वर्षी अनरिअल इंजिन ३ हे गेमसाठीचे इंजिन त्याच्या बळावर ब्राउझरमध्ये चालले. पण मजकुराच्या रूपातल्या अवाढव्य फाइली वाचण्यातच वेळ जाई. याच कामासाठीचा गूगलचा नेटिव्ह क्लायंट वेगवान होता, मात्र त्यांच्या क्रोम ब्राउझरपुरताच. अखेर जून २०१५ मध्ये मोझिला, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅपल या प्रतिस्पर्ध्यांनी एकाच बाइटकोडसाठी हात मिळवले. २०१७ संपण्यापूर्वी चौघांच्या ब्राउझरांत तो आला. डिसेंबर २०१९ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने त्याला मानक म्हणून मान्यता दिली.

त्याचे बळ ऑटोकॅडमध्ये दिसते. १९८२ साली आलेल्या या आरेखन सॉफ्टवेअरचा अनेक दशकांत साठलेला कोड २०१८ मध्ये वेबअसेम्ब्लीतून ब्राउझरमध्ये आला. तो जावास्क्रिप्टमध्ये पुन्हा लिहीत बसावे लागले नाही.

पण परक्या ठिकाणाहून आलेला कोड आपल्या संगणकावर पूर्ण वेगाने चालवायचा, तर बंदोबस्तही तेवढाच कडक हवा. इथे प्रोग्रामला ६४ किलोबाइटच्या पानांत मोजलेली स्वतःची मेमरी मिळते. कुंपणाबाहेर हात घातला की तो तिथेच थांबतो. फाइल, नेटवर्क, पडदा यांपैकी ब्राउझर देईल तेवढेच त्याच्या वाट्याला येते. शिवाय कोड चालण्यापूर्वी तपासला जातो: १०६ येईल तेव्हा चळतीवर खरोखर दोन पूर्णांक असतील का? एक जरी कमी भरला, तरी ब्राउझर तो कोड चालवत नाही.